मार्थाबाईंनी अडवून धरलेलं पाणी

चार माणसं आठवड्याच्या आठवड्याला एका खोलीत बसू लागली की किस्से आपोआप साठतात. कुकरच्या झाकणाला आतून पाणी साठतं तसे ते साठतात, आणि झाकण उचललं की हातावर पडतात. आमच्या चर्चच्या मंडळीत हसायचे किस्से सांगायला विल्सन आहे. माझ्याकडे साठलेले सगळे रागाचे आहेत. विल्सन म्हणतो, "दत्ताभाऊ, तुमचा विश्वास वाढला का न्हाई ते मला ठाऊक न्हाई, पण बीपी नक्की वाढलंय."

ह्या विल्सनमुळेच मी ह्यात आलो. आम्ही दोघं सणसवाडीला एकाच कंपनीत, एकाच लाइनवर. माझा उजवा हात प्रेसमध्ये सापडला आणि दोन बोटं गेल्यात जमा झाली, तेव्हा तो शिफ्ट सुटली की रोज दवाखान्यात यायचा. बसायचा, मोसंबी सोलायचा, आणि जाताना मला न विचारता डोळे मिटून प्रार्थना करायचा. पहिल्या दिवशी मी त्याला म्हणालो, "हळू कर, लोक बघतायत." दुसऱ्या दिवसापासून तो हळू करायला लागला. एक दिवस तो आला नाही, आणि मी दिवसभर दाराकडे बघत राहिलो. बस, इतकंच. माझ्यावर वीजबीज काही पडली नाही.

वीज पडली ती निमोण्याला, आमच्या घरी. माझा थोरला भाऊ, दादा, गावच्या सोसायटीचा चेअरमन आहे. मी रविवारी चर्चला जातो हे त्याला भर मीटिंगमध्ये विरोधकाच्या तोंडून कळलं. त्यानं फोन केला. "मला भाऊ न्हाई," एवढं म्हणाला आणि ठेवला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. समोर उभा असलो तरी वहिनीला सांगतो, "त्याला म्हणावं, मोटारसायकल दारातनं काढ." मी हातभर अंतरावर असतो, मला ऐकू येतं. तरी वहिनी बिचारी माझ्याकडे वळून परत सांगते, "भावजी, गाडी काढा म्हनत्यात."

* * *

बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं तेव्हा आमचे पाळकसाहेब फार खूश झाले. तरुण माणूस, उत्साही, साउंड सिस्टीमवर जीव. म्हणाले, "पुढच्याच रविवारी घोड नदीत देऊन टाकू. फक्त मार्थाबाईंना एकदा भेटून या."

मार्थाबाई म्हणजे विल्सनची मावशी. दौंडच्या प्राथमिक शाळेत शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं; उपासनेला मात्र त्या आमच्याकडे शिरूरला येतात. पाळकसाहेबांनाही बाराखडी त्यांनीच शिकवलेली, त्यामुळे बाईंनी मान हलवल्याशिवाय आमच्या मंडळीत कोणी पाण्यात उतरत नाही. गुरुवारी कंपनीला सुट्टी असते. मी शिरूरहून निघून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला उतरलो, गाडी बदलली आणि दौंड गाठलं. बाईंचं घर रेल्वे लाइनीला लागून आहे. गाडी आली की बाई बोलता बोलता थांबतात, सगळे डबे जाऊ देतात आणि थांबल्या त्याच शब्दापासून पुढे सुरू करतात.

"घरी कोण कोण?" त्यांनी विचारलं.

"बायको माझ्याजवळ शिरूरला. आई आणि थोरला भाऊ गावाला."

"भाऊ काय म्हणतात?"

"बोलत नाही."

"का?"

"ह्याच्यामुळेच."

"मग आधी," बाई म्हणाल्या आणि मालगाडी आली. मालगाडी लांबलचक होती. बाप्तिस्म्याला कोणता शर्ट घालायचा ते मी मनात ठरवून टाकलं. गाडी गेली. "भावाला बोलतं करा. पाणी नंतर."

"बाई, चूक त्याची आहे."

"असेल."

"चूक त्याची, आणि जायचं मी?"

"मग कोणी जायचं? ते कुठं येतात माझ्याकडे शिकायला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाकीच्यांना पाळकसाहेब दोन प्रार्थना पाठ झाल्या की बुडवून काढतात, आणि मला मात्र चेअरमनची परवानगी आणायला सांगतात! परत येताना चौफुल्याला उतरून शिरूरची एसटी धरायची असते. ती माझ्या डोळ्यांदेखत उभी होती आणि डोळ्यांदेखत निघून गेली, इतका मी रागात होतो.

* * *

शिरूरच्या मार्केट यार्डात बबनशेठ नावाचे आडते आहेत. आमच्या घरचा कांदा पहिल्यापासून त्यांच्याकडेच जातो. एका सकाळी मी गाळ्यासमोरून चाललो होतो, तर त्यांनी शेतकऱ्यांच्या गराड्यातून हाक मारली.

"या दत्ताराव. काय, किती मिळालं मग?"

हा प्रश्न ज्याला कोणी विचारला नाही त्याला त्याची चव कळायची नाही. माणूस येशूचं नाव घ्यायला लागला म्हणजे त्याला कोणीतरी काहीतरी दिलंच असणार, हे इकडं सगळ्यांना पाठ आहे. मला काय मिळालं? उपासनेच्या हॉलचा पंखा मी बसवून दिला, सतरंज्या धुवायचं काम माझ्याकडे आलं आणि सख्खा भाऊ गेला. पण हे सांगत बसण्याऐवजी मी बबनशेठची कॉलर धरली. वरचं बटण तुटून कांद्याच्या ढिगात गेलं.

गुरुवारी बाईंना सांगितलं. ऐकताना त्यांचे ओठ घट्ट मिटले होते, राग त्यांनाही आला होता. मला वाटलं आता म्हणतील, बरं केलंत. त्या उठल्या, कपाटातून शिवणाचा डबा काढला, त्यातून एक पांढरं बटण, सुई आणि दोरा माझ्या हातावर ठेवला.

"लावून या."

"मी?"

"तुटलं कुणाच्या हातानं?"

मग मी गेलो. बबनशेठ बनियनवर गादीवर बसले आणि त्यांचा शर्ट माझ्या मांडीवर. माझी दोन बोटं वाकत नाहीत, त्यामुळे सुईत दोरा ओवायलाच दम निघाला. येणारा जाणारा थांबून बघत होता. मी मान वर केली नाही, दात-ओठ खात शिवत राहिलो. शर्ट परत दिला तेव्हा शेठनी बटण ओढून पाहिलं. पक्कं बसलं होतं. मग ते पुढं वाकले आणि अगदी मनापासून विचारलं, "आन् ह्ये शिवायचं येगळं मिळतं का?"

* * *

आमच्यात साक्ष द्यायची पद्धत आहे. माणूस पुढे येतो, माइक घेतो आणि आपण आधी कसे होतो, मग कसे झालो ते सांगतो. त्यात खोटं काही नसतं. पण ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की दर खेपेला आधीचं पाप जरा वाढतं. आमच्यातले एक गृहस्थ उन्हाळ्यात सांगायचे की ते रोज क्वार्टर प्यायचे. दिवाळीपर्यंत ते खंबा प्यायला लागले. माणूस दारू सोडून बसलाय, आणि साक्षीत त्याचं पिणं वाढतच चाललंय.

एका रविवारी पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "आज तुमची साक्ष. आधी काय, दारू होती ना?"

"नाही."

"बरं, मटका?"

"नाही."

ते जरा अस्वस्थ झाले. "मग घरात मारहाण वगैरे?"

माझी बायको सुरेखा मला न्यायला आली होती, ती शेजारीच उभी होती. "ह्यांची काय हिंमत हाय," ती म्हणाली.

पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, मग साक्षीत सांगणार काय तुम्ही? आज लाइव्ह आहे."

माझं डोकं फिरलं. म्हणजे चांगलं वागलेल्या माणसाला ह्यांच्या लाइव्हमध्ये जागा नाही. मी माइक घेतला आणि म्हणालो, "मी दत्ता. मी रागीट होतो. अजून आहे. बसतो." तो 'बसतो' स्पीकरमधून हॉलभर घुमला. मागच्या रांगेतून एकट्या मार्थाबाईंचा आवाज आला, "आमेन."

ते लाइव्ह पाळकसाहेबांनी नंतर काढून टाकलं.

* * *

सुरेखाचं सांगितलंच आहे तर हेही सांगून टाकतो. ती चर्चला येत नाही. आमच्या शिरूरच्या खोलीत तिचा देव्हारा आहे, त्यात खंडोबाचा टाक आहे, तिच्या माहेरचा. पाळकसाहेबांच्या एका प्रवचनानंतर मला एकदम जोर चढला. घरी आलो आणि देव्हारा खाली उतरवायला हात घातला. तिनं लाटणं घेतलं. भांडण वाढलं, दोन दिवस घरात बोलणं बंद.

बाईंकडे मी तक्रार घेऊन गेलो. त्यांनी विचारलं, "देव्हारा कुणाचा?"

"तिचा."

"मग तुमचा हात तिथं काय करत होता? भावानं तुमच्यावर जोर केला तर तुम्ही इथं येऊन रडता. तिनं कुणाकडं जायचं?"

मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. सुरेखानं लाटणं जागेवर ठेवलं. "ह्या बाईंचं ऐकत जा," ती म्हणाली. "तुमच्या सगळ्यात ह्याच एक शहाण्या दिसत्यात."

* * *

आता पंचांचा किस्सा. हा आठवला की अजून हात शिवशिवतात.

आमच्या मंडळीत एक जुने पंच आहेत, पिढीजात ख्रिस्ती. उपासनेनंतर प्रीतिभोजन होतं, भात उकळत होता. ते माझ्याजवळ आले, गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "म्हणजे मूळचे तुम्ही...?"

मी सांगितलं. शेतकरी, मराठा. पंचांचा चेहरा फुलला. लगेच माझ्यासाठी पुढं खुर्ची आली, खुर्चीवर टॉवेल आला, पाण्याची बाटली आली. ते पाळकसाहेबांना म्हणत होते, "आता बघा, मोठ्या घरातली माणसंपण यायला लागली."

विल्सन तिथंच सतरंज्या गुंडाळत होता. तो हॉल बांधताना विल्सनच्या आजोबांनी डोक्यावर दगड वाहिलेत. त्यांना गावात जन्मभर हाच प्रश्न विचारला गेला, मूळचे कोण, म्हणून ते येशूकडे आले. आणि इथं येऊन पाहतात तर हाच प्रश्न खुर्ची घेऊन बसलेला. ह्याचा मला इतका संताप आला की पंचांची कॉलर डोळ्यांसमोर नाचायला लागली. पण खिशात बटण नव्हतं.

तेवढ्यात मार्थाबाई आल्या. मला उठायला सांगितलं, खुर्ची उचलली, एका लेकुरवाळीला दिली आणि मला मोरीकडं पाठवलं. मोरीत विल्सन भाताची भली मोठी पातेली घासायला बसला होता. मीही काथ्या घेतला. पंच धावत आले.

"अहो दत्ताराव, तुम्ही कशाला? आपली माणसं आहेत की त्याला."

बाई दारातून म्हणाल्या, "राहू द्या. त्यांचा बाप्तिस्मा चाललाय."

पंच निघून गेले. मला फार बरं वाटलं. मग विल्सन पातेल्यातून डोकं वर न काढता म्हणाला, "आन् माझा कवा संपायचा, मावशी?"

बाईंनी पदर खोचला आणि उरलेलं पातेलं स्वतःकडे ओढलं.

* * *

प्रार्थना करायला मी पाळकसाहेबांकडून शिकलो होतो. म्हणजे आवाज चढवायचा, एकच गोष्ट तीन तऱ्हेनं मागायची. बाईंसमोर पहिल्यांदा केली ती अशी, "हे प्रभू, माझ्या भावाला सुबुद्धी दे, त्याचा गर्व उतरव, त्याचे डोळे उघड..."

बाईंनी पट्टीनं टेबल वाजवलं. प्रार्थना चालू असताना! मी डोळे उघडले.

"चहाड्या सांगू नका," त्या म्हणाल्या. "भावाला काय हवंय?"

"मला काय माहीत?"

"एका घरात वाढलात ना?"

मी विचार केला. दादाला काय हवं असतं? कांद्याला भाव. गुडघ्याला आराम. बोअरला पाणी. बाई म्हणाल्या, "मग तेच मागा. रोज."

मला काही पटलं नाही. मी म्हणालो, "बाई, येशूसुद्धा चिडला होता. मंदिरात जाऊन टेबलं उलथली त्यानं. मला तर तो आवडला त्याच्यामुळेच."

"टेबलं एकदाच उलथली," बाई म्हणाल्या. "बाकी सगळा वेळ माणूस चालतच होता. तुम्हाला नेमकं तेवढंच बरं आठवतं."

मग रोज पहाटे मशीनवर जाण्याआधी मी दात आवळून देवाकडे दादाच्या कांद्याला भाव मागायला लागलो. मागताना असा राग यायचा की देवालाही वाटत असेल, हा मागतोय का धमकी देतोय. आणि काय सांगू, त्या साली कांद्याला असा काही भाव आला की दादानं नवीकोरी पांढरी गाडी घेतली. शिरूरच्या स्टँडसमोर मी उभा होतो, पाऊस होऊन गेला होता. गाडी आली. दादानं मला पाहिलं, काच वर केली आणि तसाच पुढं गेला. माझ्या प्रार्थनेच्या गाडीनं डोक्यापासून पायापर्यंत मलाच चिखल लावला.

* * *

तरी बाई म्हणायच्या, "जात राहा." म्हणून मी जात राहिलो. कधी आईच्या औषधाचं निमित्त, कधी जत्रेचं. दादा ओट्यावर असायचा, मी अंगणात. आई आत असायची. तिच्या डोळ्यांना आता नीट दिसत नाही, पावलांवरून माणूस ओळखते.

एकदा गेलो तर दादा दारातच उभा राहिला. वहिनीला म्हणाला, "सांग त्याला, आई झोपलीय."

वहिनी माझ्याकडं वळली. "भावजी, आत्याबाई झोपल्यात."

आतून आईचा आवाज आला. "कोन आलंय गं?"

दादा वहिनीला म्हणाला, "सांग, कुनी न्हाई."

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग आत तोंड करून तिनं सांगितलं, "कुनी न्हाई, आत्याबाई."

मी तसाच मागं फिरलो. त्या दिवशी मी कुणाची कॉलर धरली नाही. राग इतका होता की तो ठेवायला शरीरात जागा नव्हती. दौंडला गेलो आणि बाईंना म्हणालो, "तुमचं पाणी तुमच्याजवळ ठेवा. मला नको बाप्तिस्मा. मला माझ्या आईच्या दारात कुणी न्हाई म्हटलंय."

गाडी आलेली नव्हती, लाइन मोकळी होती, तरी बाई थांबून राहिल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी मी येते."

* * *

आणि त्या आल्या. गुडघे धरलेले असताना दोन एसट्या बदलून, छत्री टेकत, पिशवीत पेरू घेऊन. मी त्यांना मोटारसायकलवर मागं बसवून निमोण्याला नेलं. रस्ताभर त्यांनी एकच गोष्ट सांगितली, "तिथं तुम्ही तोंड उघडायचं नाही."

म्हाताऱ्या, पांढऱ्या केसांच्या मास्तरीणबाई दारात आल्यावर दादाला त्यांना बसा म्हणावंच लागलं. पुढचा बसायचा सोपा आणि स्वयंपाकघर आमच्याकडं एकाच रांगेत आहे, मधे नुसती चौकट. बाईंना सोप्यात प्लॅस्टिकची खुर्ची मिळाली. मी खांबाला टेकून उभा. आई आतल्या भिंतीशी बसली होती. बाईंनी विचारलं, "बरं आहे का?" आई म्हणाली, "हाय की."

दादानं वहिनीला खुणावलं आणि चहा आला. ट्रेमध्ये दोन स्टीलचे पेले होते आणि एक कागदी कप. पेले दादाला आणि मला. कागदी कप बाईंना.

गावात आता कागदी कप सर्रास मिळतात. पूर्वी काही माणसांसाठी कपबशी दाराबाहेर वेगळी ठेवायचे, आता तसं ठेवायला लाज वाटते. कागदी कपानं सगळ्यांची सोय केली. तोंडानं काही बोलायला लागत नाही, आणि वर स्वच्छतेचं नाव मिळतं. मी ट्रेकडं बघितलं आणि माझं रक्त उसळलं. माझा पेला मी बाईंच्या पुढं केला आणि त्यांचा कप घ्यायला हात घातला.

"ठेवा," बाई म्हणाल्या. "हा मला दिलाय."

त्यांनी सावकाश एक घोट घेतला. वहिनीला म्हणाल्या, "आलं छान घातलंय." वहिनीनं मान खाली घातली.

दादानं घसा साफ केला. "बाई, तुम्ही शिकल्याल्या हाय. खरं सांगा. आमच्या भावाला तुम्ही बाटवलं का न्हाई?"

"अजून नाही," बाई म्हणाल्या. "मीच अडवून धरलंय."

"म्हंजी?"

"तुम्ही त्यांच्याशी बोलत नाही तोपर्यंत त्यांना पाणी नाही. पाळकांनाही तसं सांगून ठेवलंय."

दादा विचारात पडला. चेअरमन माणूस, ठरावातली फट त्याला लगेच दिसते. हळूहळू त्याचा चेहरा उजळला. "म्हंजी म्या जर बोललोच न्हाई, तर ह्याचं कायमचंच थांबलं?"

"हो."

"मंग झालं की." तो वहिनीकडं वळला. "ऐकलंस न्हवं? आता तर म्या जल्मात बोलत न्हाई."

मला त्या क्षणी दादापेक्षा बाईंचा राग आला. इतकी वर्षं मुलं शिकवलेली बाई, आणि कुलूप कुठं आहे ते दाखवून किल्लीही त्याच्याच हातात दिली. आता तो मरेपर्यंत बोलणार नाही, आणि मी जन्मभर कोरडाच राहणार. बाई मात्र शांतपणे चहा पीत होत्या. चहा संपला. कप कुठं टाकावा म्हणून त्यांनी इकडंतिकडं पाहिलं.

आई उठली. भिंत चाचपत चौकट ओलांडून आली, बाईंच्या हातावर हात फिरवला आणि तो कागदी कप त्यांच्याकडून घेतला. आम्हाला वाटलं ती बाहेर टाकायला निघाली. ती मोरीवर गेली. तिनं कप आतून बाहेरून धुतला, पदरानं पुसला, मांडणीपाशी जाऊन हातानं पेल्यांची रांग चाचपली आणि स्टीलच्या पेल्यांच्या शेजारी तो उपडा घातला.

वहिनी म्हणाली, "अवो आत्याबाई, त्यो धुत न्हाईत. कागदाचा हाय, टाकायचा आसतो."

"आसूं दे," आई म्हणाली. "फुडच्या बारीला आल्या म्हंजी कशात पित्याल?"

मांडणीवर कप ओला होता, एका अंगानं जरा कलला होता. दादा त्याच्याकडं बघत राहिला. वहिनी दादाच्या तोंडाकडं बघत राहिली. बाईंनी पिशवीतून पेरू काढून खुर्चीच्या कडेला ठेवले आणि छत्री हातात घेतली.

मांडणीवरची नजर न काढता दादा म्हणाला, "चौफुल्याची गाडी कवा हाय रं?"

वहिनी सवयीनं माझ्याकडं वळली, सांगायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. मी खांबाला टेकून उभा होतो.

"दत्ताराव," मार्थाबाई वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला विचारतायत. उत्तर द्या."